वेचणी

ज्योत विझली की माझं काम सुरू होतं.
वर बघणारे वर बघतात.
तिघऱ्याच्या पाण्यापलीकडे चाळीस सेकंद लाल उजेड,
हातात घड्याळ, वहीत आकडे.
मी खाली बघतो.
कुठल्या झुडपात काय पडलं
ते कानाने टिपून ठेवतो.

बारा वर्षं झाली.
दानाओळीतून पहाटे स्कूटर काढायची,
मागे गोणपाट, चिमटा, किराणा दुकानातला जुना पितळी काटा,
आणि घाटीगावच्या माळावर
आभाळाने परत केलेलं मोजायचं.

आधी खूप परत यायचं.
ॲल्युमिनियमची नळी, पत्र्याचं टोपण,
तारेचं कडं, नायलॉनच्या दोऱ्या,
आणि ती पांढरी छत्री,
बोरीच्या काट्यांवर
कुणी सदरा वाळत घातल्यासारखी.
दोनशे चौऱ्याऐंशी ग्रॅम.

छत्रीवर पोरांचा डोळा.
रामहेत माझ्याआधी धावायचा,
"चच्चा, जे तो हमाई है!"
त्याच्या बहिणीच्या लग्नात मांडवाला झालर लागली
ती आमच्या प्रयोग क्रमांक सतराची.
मी जेवून आलो. वहीत लिहिलं: छत्री गहाळ.

मग एका फाल्गुनात
एक टोपण कटोरीबाईच्या कडब्यावर पडलं.
लाल नव्हतं, दिसत नव्हतं,
पण आतून धगधगत होतं.
म्हैस सोडवली, गंजी गेली.
भरपाईच्या पावतीवर अंगठा घ्यायला
खानवलकर मॅडम स्वतः गेल्या.
शाई पुसत कटोरीबाई एवढंच म्हणाली,
"ऊपर की तो तुमने सोच लई,
नीचे की को सोचेगो?"

तेव्हापासून मॅडमच्या टेबलावर
उजेडाचे कागद खाली गेले
आणि पडण्याचे वर आले.
नळी लगद्याची झाली.
पावसाळ्यात ती ओल धरून फुगली, पेटलीच नाही.
टोपणाच्या जागी आपल्याआपण जळणारा पापुद्रा.
छत्री शेवटच्या ज्वाळेने खायची, असं ठरलं,
तर एकदा तिनेच आधी पेट घेतला
आणि ज्योत धोंड्यासारखी खाली.
एका संध्याकाळी मला म्हणाल्या,
"इंगळे, आरतीचा कापूर बघितलाय ना? तबकात काय उरतं?"
"काजळी," मी म्हणालो.
हसल्या नाहीत. लिहून घेतलं.

एकशे दहा. सदुसष्ट.
परत नव्वद. का, ते कुणी सांगेना.
एकोणतीस.

काल प्रयोग क्रमांक दोनशे सहा.
उजेड तोच, तेवढाच लाल.
विझला तसा मी कान लावला.
टिटवी ओरडली. बाकी काही पडलं नाही.
दोरी आखून चौकोन चौकोन बघितले, दोन तास.
दोरीचं दुसरं टोक रामहेतच्या हातात.
आता तो रोजंदारीवर आहे आमच्याकडे,
मिशी आलीय, धावत नाही.
धावड्याच्या एका पानावर चिमूटभर राख.
चिमटा पुढे केला, वारा आला.

"किती?" मॅडमनी विचारलं.
रिकामं पारडं वाऱ्यानेच हलत होतं.
शून्य लिहावं तर छातीवर हात ठेवून लिहावं लागेल,
रकाना मोकळा सोडावा
तर मी गेलोच नाही असं होईल.
मी लिहिलं: दोन तास शोधलं.
त्यांनी खाली सही केली,
आणि मग स्वतः पुन्हा एकदा झुडपात शिरल्या.

परतताना कटोरीबाईच्या दारात थांबलो.
ती बाजरी मापत होती
आमच्याच एका जुन्या नळीने,
तीन नळ्या शीग लावून, सुनेच्या पदरात.
"आज का गिरो?"
"कछू नईं."
तिने आधी आभाळाकडे बघितलं,
मग नव्या गंजीकडे,
मग नळीचं तळ बोटाने पुसलं, जपून,
आता अशी दुसरी मिळायची नाही म्हणून.

घरी आलो.
गोणपाटात काही नव्हतं.
तरी अंगणात झटकून घेतलं.